पुढे ओढलेली शिल्लक

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं असं उतरतं
की किल्लासुद्धा दुपारपर्यंत रजेवर.
सगळं लश्कर शेकोटीपुढे हात पसरून बसलेलं
आणि माझ्या पाच दिवसांच्या मुलाच्या मानेत घाम.

मी म्हटलं, जास्त गुंडाळलंय.
दूध असं ओढायचा, जणू कुणी हिसकावून नेणार आहे,
आणि काट्यावर रोज थोडा कमी.
"भस्म्या झालाय की काय याला," सासूबाई हसत म्हणाल्या
आणि मग हसल्या नाहीत.

येणारेजाणारे म्हणायचे, काय टपोरे डोळे!
ते मिटत नव्हते, हे कुणी पाहिलं नाही.
झबलं छातीवर उडत होतं,
शिवणयंत्राच्या सुईखाली धरल्यासारखं.

मी लेखा कार्यालयात असते. मोजणं हाताला लागलेलं.
घड्याळ समोर धरून पंधरा सेकंद: त्रेपन्न.
गुणिले चार.
पुन्हा मोजलं. तेवढेच.

डॉक्टर भदौरियांनी बाळाआधी माझा गळा पाहिला.
"सात वर्षं झाली, दिल्लीला आयोडीन देऊन जाळली," मी सांगितलं,
"आता रोज उपाशीपोटी एक पांढरी गोळी. ते खातं बंद."
ते म्हणाले, "ग्रंथी जळाली,
पण तिला हुकूम सोडणारे अजून रक्तात आहेत.
तुमच्यात त्यांना दार सापडेना.
नाळेतून पलीकडे गेले. तिथे कोरी करकरीत ग्रंथी."

मग विचारलं, घरात आणखी कुणाला?

आमच्याकडे छापील कुळवृत्तांत आहे, कापडी बांधणीचा.
कोण कुठल्या साली इकडे आलं, कुणाला किती गावं.
पण आजी एका आडनावाची, आई दुसऱ्या, मी तिसऱ्या;
ही शिल्लक कुठल्याच पुस्तकात पुढे ओढलेली नाही.

वॉर्डाबाहेरच्या बाकावरून इंदूरला फोन लावला,
चिमाला, आईच्या मावशीला. ऐंशीची. कान गेलेत, बाकी सगळं आहे.
"सोनूआक्काचा गळा? अगं, पोवळ्यांची माळ रुतायची तिला.
रात्री दोन वाजता भांडी घासायची.
लोक म्हणत, कामाला वाघीण, जिभेला विंचू.
तुझ्या आईच्या आधीचा एक होता.
विसाव्या दिवशी गेला. दूध पीत-पीत वाळला.
दृष्ट लागली म्हणाले.
नाव? नाव ठेवायला वेळ कुठे मिळाला!"

फाइलीच्या पाठकोऱ्या कागदावर मी पेन्सिलीनं रकाने आखले.
सोनूआक्का: गळा.
मुलगा: वीस दिवस.
आई: कधी तपासलंच नाही; चहा बशीत ओतताना हात कापतो.
मी: जाळली.
त्याच्यापुढे जागा सोडली.

डॉक्टर म्हणाले, दोन शक्यता.
माझ्याकडून उसनं गेलं असेल, तर तीनेक महिन्यांत फिटेल.
नाहीतर त्याच्या स्वतःच्याच जनुकात आहे;
मग ते उसनं नव्हे, मिरास.
रक्त दिल्लीला गेलंय. पाच आठवडे लागतील म्हणे.
मी माझ्या रक्ताच्या बाजूनं प्रार्थना करते,
दोष माझाच निघू दे म्हणून. असं मागणारी
मी पहिलीच नसेन.

बाराव्या दिवशी सिस्टर कुशवाह
गोळीचा आठवा हिस्सा दोन चमच्यांमध्ये चिरडत होत्या.
"बेबी ऑफ, बेबी ऑफ, कब तक लिखूँ?"
आत्याला आत सोडत नाहीत.
पेटीच्या गोल झरोक्यातून मीच वाकले,
कानाशी कुर्र केलं
आणि सांगितलं.
सिस्टरनी दोनदा विचारून बरोबर अक्षरांत लिहिलं.

पंधरा सेकंद: सत्तेचाळीस.
हातातल्या कागदावर नाव भरलं, आकडा भरला,
खाली रेघ ओढली नाही.
वर दुसऱ्या ओळीत
'मुलगा' खोडलं,
'मामा' लिहिलं.